पंचवीस एमएम

हरभट रोडला, मगदुमांच्या वजनकाट्यांच्या दुकानात
मधोमध भिंत घालायची होती.
वीट नको, भूपालअण्णा म्हणाले, वीट जागा खाते.
धाकटे जिनपाल माझ्याशीच बोलायचे,
म्हणजे अण्णांना सांगायचं ते मला.

चॅनेल उभे केले, बोर्ड टेकवला.
अण्णांनी डबा पुढं सरकवला:
"खिळे आहेत की शिल्लक, फर्निचरचे."
खिळा लाकडाला धरतो, अण्णा.
पत्र्यात नुसतं भोक पाडतो
आणि चार महिन्यांनी पुट्टीतून डोकं वर काढतो,
फोडासारखं.

मी पुडी सोडली.
काळे स्क्रू, पंचवीस एमएम, बारीक आट्याचे.
मोठे आटे लाकडाला; पत्र्याला बारीकच,
तो हळूहळू चावतो, पण सोडत नाही.

"लांब घ्या की, मजबूत होईल," जिनपाल.
लांब म्हणजे किती?
पन्नासचा चॅनेल, दोन्ही अंगांनी साडेबाराचा बोर्ड,
झाले पंचाहत्तर.
अण्णांच्या बाजूनं तीन इंची घातला
तर तुमच्या भिंतीतून टोक निघेल,
तांदळाच्या कणीएवढं.
बोटाला कळेल, डोळ्याला नाही.
यावर दोघंही काही बोलले नाहीत.

घट्ट किती करायचं, हे कुठल्याच पुडीवर छापत नाहीत.
डोकं कागदाच्या किंचित खाली जावं,
कागद फाटू नये.
आत सगळा भुगाच असतो,
धरून ठेवतो तो वरचा कागद.
कधी थांबायचं ते मनगटाला कळतं.
माझ्या मनगटाला दोन वर्षं लागली,
मिरजेच्या एका दवाखान्याचं अख्खं छत त्यात गेलं.

खाली बोटभर फट सोडली.
शटरच्या आतून पुराची रेघ अजून दिसते, छातीएवढी.
पाणी आलं तर याचा भिजून पाव होईल, म्हटलं.
"होऊ दे," जिनपाल म्हणाले,
आणि पहिल्यांदा सरळ अण्णांकडं बघितलं.

मग आप्पांचा पितळी तराजू निघाला.
तो नुसत्या बोर्डावर नाही टांगता येणार,
मागं चॅनेल शोधावा लागेल. वजन किती?
"साडेसहा," अण्णा.
"सहा आठशे," जिनपाल, लगेच.
काट्यावर ठेवला. सहा सातशे दहा.
कुणीच हसलं नाही.
मी लोहचुंबक काढला, भिंतीवरून फिरवला,
चॅनेल सापडला, पेन्सिलीनं खूण केली,
या बाजूला एक, त्या बाजूला एक.
कुठली खूण, ते मी विचारलं नाही.
त्यांनीही सांगितलं नाही.

बिल निम्मं-निम्मं.
शटर ओढताना अण्णा हळूच म्हणाले,
"यासीन, पुढंमागं काढायची झाली तर?"
स्क्रू आहेत, अण्णा. उलटं फिरवायचं.

उरलेले अठ्ठावीस पुडीत बांधून
गल्ल्याशेजारी ठेवले. कुणाचा गल्ला, आठवत नाही.
तराजू काट्यावरच होता,
अर्ध्या अंधारात लाल आकडे तेवढे दिसत होते.