नाव अज्ञात

तेहतीस उन्हाळे मी लोकांना पलीकडे सोडलं.
एका खेपेला सहा गाड्या,
ट्रॅक्टर असला की चारच.
पैसे पडत नाहीत. सरकारी तर आहे,
पोलादी दोराला बांधलेली,
तिला वाट चुकायची सोय नाही.
सस्कॅचवानचं पाणी गढूळ, रुंद, बिनघाईचं.
मध्यावर आलं की दोन्ही काठ सारखेच परके.

पलीकडे काय आहे
ते मला परतणाऱ्यांवरून कळायचं.
मोज्यांना कुसळं म्हणजे किल्ल्यामागची पायवाट.
पोरांचे ओठ जांभळे म्हणजे
उद्यानातल्या बेरी, पाटी न वाचता खाल्लेल्या.
काचा वर करून गप्प बसलेले
दफनभूमीवरून येत.
आणि मोठमोठ्याने हसणारे
सिमेंटच्या पाणकोळ्याकडून:
तीन मजली पक्षी, पोटात जिना,
चोचीत उभं राहायचे दोन डॉलर.

खरे पाणकोळी इथे,
माझ्या डाव्या हाताला, गाळाच्या बेटावर.
त्यांच्याकडे कुणी बघत नाही,
तेव्हा लोक नकाशा उलगडत असतात.

"बघण्यासारखं आहे ना हो?" जाणारे विचारत.
"आहे की," मी म्हणे.
मी पाहिलं नव्हतं.

मग जुलैत दोराचा पीळ उसवला.
नवा विनिपेगहून यायला चार दिवस.
नात म्हणाली, चल, आज तू प्रवासी.
पुलाला वळसा घालून सत्तर किलोमीटर गेलो
घरून रोज दिसणाऱ्या काठावर.

किल्ल्याचे खांब माझ्याहून तरुण निघाले.
जुने कधीच कुणाच्या चुलीत गेलेले.
दारात झेनोव्हिया नावाची पोरगी,
घोळदार झग्याखाली पळायचे बूट,
म्हणाली, "मी दीडशे वर्षांपूर्वीची आहे. तुम्ही कुठले?"
"नदीवरचा."
"म्हणजे कुठल्या गावचे?"
ओडेट फिस्सकन हसली.

आत बीव्हरची कातडी, तराजू, मण्यांचे जोडे,
हात लावू नये.
आणि भिंतीवर एक फोटो:
तराफा, घोडा, छत्रीवाली बाई,
कडेला दोर धरून एक माणूस.
खाली सगळ्यांची नोंद.
व्यापाऱ्याचं आडनाव, बाईचं माहेर,
घोडा सुद्धा, 'प्रिन्स'.
शेवटी: नावाडी. नाव अज्ञात.

नाव तर समोर दिसत होती,
पाण्यावर, स्वच्छ.

मी जवळ गेलो. चष्मा पुसला.
त्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली.
माझाही आहे.
बायको म्हणायची, शिंप्याची चूक.
"आजोबा, हा आपला कोण असेल?"
"असेल कुणीतरी," मी म्हटलं,
आणि बाहेर येऊन बाकावर बसलो
गरजेपेक्षा जास्त वेळ.

परतताना एका कुरणात तो दगड दिसला.
तिकीट नाही, कुंपणाला फक्त दोरीची कडी.
गवे इथे अंग घासत, ओडेटने वाचून सांगितलं,
शेकडो वर्षं, कळपच्या कळप.
गवे संपले.
दगड कमरेपर्यंत अजून गुळगुळीत,
लोण्यासारखा,
भोवती खुरांनी खणलेला खोलगट चर,
त्यात आता रानफुलं, एक सोड्याचा डबा.

मी डबा उचलला.
मग इकडेतिकडे बघून
पाठ टेकली आणि घासली.
तेहतीस वर्षांची खाज,
नेमकी हात न पोचणाऱ्या जागेची.
नात कॅमेरा काढणार होती. काढला नाही.

पाचव्या दिवशी दोर आला, वंगणाचा वास येणारा.
पहिल्याच खेपेला निळ्या गाडीतली बाई:
"काय काय बघावं हो पलीकडे?"
मी म्हटलं, किल्ला बघा, पण खांब नवे आहेत.
दगडापाशी थांबा. पाठ टेका, लाजू नका.
"आणखी?"
आणखी म्हणजे,
नकाशा जरा खाली ठेवा बाई,
डावीकडे बघा.
अठरा आहेत.

थांबा.
सतरा.