सहा मिनिटं बारा सेकंद

बाहेर बेचाळीस, आत अडतीस.
तिला थंड ठेवायला चिलर आहे,
मला टेबलफॅन.

चिंचोळी एमआयडीसीत रात्री अकरानंतर माणसं तीन:
मी, बॉयलरवरचा इरप्पा,
आणि टाकी नंबर तीन, जिला मी माणसात धरते.
आत बुरशी आहे.
शिळ्या भाकरीवर दिसली की आपण उकिरड्यावर टाकतो
तिच्याच गोतातली.
इथं तिला बार्शीच्या सोयाबीनचं पीठ, गाळलेली हवा,
चार दिवस कुणी त्रास द्यायचा नाही.
पाचव्या दिवशी तिलाच गाळून फेकतात
आणि ती ज्यात राहिली ते तपकिरी पाणी ठेवतात.

आईला सांगितलं होतं, चीजसाठी दूध जमवायचं औषध करतो आम्ही.
विड्या वळता वळता ती थांबली.
आमच्या तेलुगूत दूध नासत नाही,
पालु विरिगिनय म्हणतात. दूध मोडलं.
"मोडायचा पगार देतेत व्हय?"

हिप्परगी सर सांगतात, पूर्वी याला वासरू लागायचं,
आईच्या दुधाशिवाय काहीच न चाखलेलं.
त्याच्या चौथ्या पोटाचं अस्तर.
मी डब्यावर हिरवा ठिपका चिकटवते.
तो कधी सरळ बसत नाही,
चौकटीबाहेर हुंदडतो.

अडीचला लाईट गेली.
ढवळणी थांबली तेव्हा कळलं
ती इतका वेळ बोलत होती.
हवेचा काटा खाली: चाळीस. तीस. अठरा.
इरप्पा जनरेटरला कानडीत शिव्या देतोय,
आणि मला काट्यात बाबांची छाती दिसते.
एकोणतीस वर्षं यंत्रमागावर, आत कापूस,
जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर
हाच आकडा.
अकरा.
मग जनरेटर खोकला, आणि लागला.

चारला नमुना.
नळीत दूध, त्यात एक थेंब, हातात स्टॉपवॉच.
नळी तिरकी धरून दिव्यासमोर फिरवत राहायची.
पाच मिनिटं दूध दूधच असतं,
वाटतं, बॅच गेली.
मग काचेवर एक कण.
दुसरा.
मग कुठून कुठून सूत येतं,
धोटा नाही, खडखडाट नाही,
आणि वाहणारं होतं ते
एकमेकांना धरून उभं राहतं.
सहा मिनिटं बारा सेकंद.
मोडलं नाही, आई.
वहीत हे लिहायला रकाना नाही.

सकाळी घरी चीजचा तुकडा नेला,
गिऱ्हाइकानं चाखायला पाठवलेला.
बाबांनी तो कडक भाकरीवर ठेवला,
वर शेंगाचटणी भुरभुरली,
बराच वेळ चावत राहिले.
मग उरलेला कपडा तपासतात तसा
चिमटीत धरून उजेडाकडे नेला.
"वीण बरी आहे," म्हणाले,
"रंग काही पक्का दिसत नाही."