कर्त्याची जागा

इकीके बंदरातली सरकारी इमारत. तिसरा मजला.
खिडकी उघडली की मासळीच्या भुकटीचा वास.
इथं मी बोललेलं लिहून घेते, सतरा वर्षं झाली.
शब्दाला शब्द. खोकला गाळायचा, हुंदका गाळायचा,
उत्तराआधीची शांतता गाळायची.
नियमच आहे तसा, आणि मी नियमानं वागणारी बाई.

आज सुनावणीचा चौथा दिवस.
वर पठारावर, बोलिव्हियाच्या हद्दीला लागून,
नव्या खंदकापाशी, जूनमधल्या एका रात्री,
उणे अकरा अंशात काय घडलं, एवढाच विषय.

कमांडर वाचून दाखवतात :
गाडी थांबवण्यात आली.
इशारा देण्यात आला.
हवेत गोळी झाडण्यात आली.
इसम खंदकात आढळून आला.

माझी बोटं सवयीनं पुढे पळतात,
पण मागून खडू आपटल्याचा आवाज येतो.
सिस्टर एदुविहिस, सहावीच्या व्याकरणाच्या.
कोणी थांबवली? कोणी झाडली?
क्रियापद सापडलं ना, मग कर्ता शोधा, पोरींनो,
तो असतोच. बाकाखाली बघा.

माराकाइबोची ओमायरा उरदानेता उठते.
येइकेर तिचा थोरला. एकोणिसावं सरलं नव्हतं.
बेकरीत पहाटे तीनला भट्टी लावायचा.
पाठीवर दोन भावंडं, बापाचा पत्ता नाही.
"घरात तोच कर्ता होता," म्हणते,
आणि बसते.
मी लिहिते : कर्ता.
चार दिवसांत, सहाशे पानांत
हा शब्द पहिल्यांदा आला,
तोही मेलेल्याच्या नावावर.

कॅमेऱ्यांचं विचारलं. थंडीनं बॅटरी उतरली.
तिघांच्या छातीवर तीन कॅमेरे, तिन्ही
दोन वाजून सहा मिनिटांनी, अगदी एकमतानं.
नोंदवही? वरच्या कार्यालयात.
तिथला माणूस? बदली झाली.
बदलीचा आदेश? गोपनीय.
मागं कुणीतरी हसलं. हसणंही गाळायचं.

मग एउलोहिया चायापा. आयमारा म्हातारी.
पोरगा पहिल्यांदा तिच्याच कुत्र्याला दिसला.
"माझं घर फोडलं या वाटेनं येणाऱ्यांनी, खोटं का सांगू?
कुलूप तोडलं, वाळवलेले बटाटे नेले.
पोलीस मीच मागितले. अर्जावर सही आहे माझी, अंगठा नाही.
पण मागितले ते पोलीस.
बिननावाचे हात नव्हते मागितले.
माझे एक्केचाळीस लामा, कानात रंगीत लोकर बांधलेले.
एक कमी भरला तर दिवेलागणीलाच कळतं मला.
शेजाऱ्याचा कुत्रा चावला तर शेजारी येतो,
दारात टोपी काढून उभा राहतो.
तुमच्यातलं कोण येतं?"

अध्यक्ष म्हणतात, प्रश्न विचारायचे ते समितीनं.
हा भाग नोंदीतून वगळावा.

शेवटच्या रांगेत एक शिपाई आहे.
बाविशीचा असेल. यादीत त्याचं नाव नाही.
वरच्या वाऱ्यानं ओठ फुटलेले,
टोपी मांडीवर, तिची कड तो बोटांनी
फिरवतोय, फिरवतोय, थांबतोय.
म्हातारी त्याच्याकडे बघतही नाही,
तरी त्याचे कान लाल झालेत.
कानांची नोंद घेता येत नाही.

संध्याकाळी कच्ची प्रत घेऊन बसते.
"गोळी झाडण्यात आली" याला हात लावायचा अधिकार मला नाही,
लावला नाही.
फक्त वाक्याच्या आधी थोडी जागा सोडली,
एका नावापुरती, आडनावासकट.
मुद्रितशोधक चूक समजून ती बंद करील.
करू दे. मी यादीही पाहिली.
पाचव्या दिवशी दुपारी, जेवणानंतर,
अजून एक साक्षीदार बसतो.