घट

वारज्याच्या उतारावर, पंपाच्या मागच्या अंगाला
पहिलं भोक पाडलं.
वर भराव : विटांचे तुकडे, एक चप्पल, गुटख्याची पुडी.
मग हातभर काळी माती, मग मुरूम,
मग मांजऱ्या, पांढऱ्या ठिपक्यांचा, चिमटीत भुगा होणारा.
साडेचार मीटरवर यंत्रावरचा बसप्पा थांबला
आणि त्यानं नाकाला टॉवेल लावला.
मीटरचा आकडा नंतर हलला.

तक्रार वर्षभर जुनी.
'खालच्या बोअरच्या पाण्याला वास येतो.'
सही : नूरजहाँ मुजावर, इस्त्रीचं दुकान.
ते पाणी ती प्यायली नव्हती, कपड्यांवर शिंपडत होती.
इस्त्री टेकली की वाफेतून वास उठायचा.
"शर्टाला गॅरेजचा वास, आणि बोलणी मला."
तिनं इस्त्रीचा तळ घासला, कोळसा बदलला,
शिंपडायची बाटली बदलली.
पाणी बदलावं असं कुणाच्या मनात येतं?
आता येतो का वास, मी विचारलं.
म्हणाली, आता मला कसलाच येत नाही.
फोडणी करपली तर पोरगी सांगते.

मॅनेजर धोंगडे यांनी चहा मागवला.
टाकी नवीच आहे, म्हणाले.
नवी म्हणजे सत्याण्णवची.

रजिस्टर मात्र टापटीप.
रोज सकाळी टाकीत काठी बुडवून
इंगवले आकडा लिहितात, निळ्या शाईत, एकोणीस वर्षं.
एका रकान्याचं नाव : घट.
त्याच्या शेजारी : कारण.
अकरा लिटर, बाष्पीभवन.
अकरा लिटर, बाष्पीभवन.
डिसेंबरात, हात चोळत लिहिलेल्या पानावरसुद्धा
बाष्पीभवन.
मी तीन वर्षांची बेरीज केली.
एक अख्खा टँकर. हवेत नाही गेला.
इंगवले काठी पुसत होते.
"आकडा मी खरा लिहिला, मॅडम.
कारण आतून सांगायचे."
आतून म्हणजे काचेच्या केबिनमधून.

पाणी कुणाकडे निघालंय हे कळायला
निदान तीन भोकं लागतात.
मी पातळ्या मोजल्या, कागदावर बाण काढला :
पंपाकडून मुठेकडे, मध्ये सोसायटी,
रोपवाटिका, शाळेचा हापसा.
पण खडक बाण पाळत नाही.
तो आपल्या भेगेनं जातो.
शेजारची विहीर कोरी निघाली
आणि तिच्या पलीकडची
झाकण उचलताच डोळ्यांत गेली.

पारदर्शक नळी वर ओढली :
चार बोटं मधाच्या रंगाचं,
खाली पाणी, नितळ,
देवापुढे ठेवावं असं.
मधाचं मला भय नाही, ते दिसतं.
त्या नितळाच्याच कुप्या भरल्या,
बुडबुडा राहू न देता,
बर्फाच्या पेटीत उभ्या ठेवल्या,
तापलेल्या पोरांना झोपवावं तशा.

चौथ्या भोकापर्यंत माझंही नाक गेलं.
हे असं होतं. नाक चार वेळा सांगतं,
मग सांगायचं सोडून देतं.
घरी आले की मी लिंबू चिरते आणि हुंगते.
कधी रात्री नऊला येतो वास,
कधी दुसऱ्या दिवशी.
(माझी स्कूटर? इथंच भरते मी. उधारीवरसुद्धा.)

काल अहवालाचा मसुदा घेऊन बसले.
स्थळ, खोली, प्रमाण, सगळे रकाने भरले.
'कारण' या रकान्यात
गंजलेली टाकी, एवढं लिहून पेन थांबलं.
त्या निळ्या शाईतल्या अकराचं काय करू?
ते एकट्या टाकीनं नव्हते लपवले.

आज नूरजहाँच्या टपरीशी थांबले.
सोसायटीनं आता टँकर लावलाय.
तिनं एक फिकट निळा शर्ट पुढे केला.
"हुंगून सांगा, गेला का?"
मी नाक खुपसलं त्या अनोळखी कॉलरमध्ये.
काहीच नाही.
पण माझ्या 'काहीच नाही'वर
माझाच विश्वास बसेना.
पिशवीतून मीटर काढला, शर्टाजवळ धरला.

आकडे शून्याच्या आसपास
जागा शोधतायत.
ती इस्त्री हवेत धरून उभी आहे.