हे सगळे मीच

विश्रामबागच्या शाखेत मॅडमनी फाईल उघडली,
म्हणाल्या, सध्या राहता कुठं?

सध्या म्हणजे कधीचं सध्या, मॅडम?
मार्चमध्ये पानिपत, बावीस दिवसांचा शटडाऊन.
जूनला पारादीप. एका खोलीत आठजण,
पाळीपाळीनं झोपायचो, गादी कधी गार व्हायची नाही.
मधले दोन महिने कुपवाडला, बायकोजवळ,
पण त्याची पावती कुठनं आणू?

पगारपत्रक नाही. गेटपास आहेत.
एकोणीस, रबर लावून ठेवलेले, घामानं फुगलेले.
आदगोंडा. अदगुंडा. आदी गौडा.
बठिंड्याच्या सिक्युरिटीनं नुसतंच गोंडा लिहिलं
आणि त्या नावानं मी चाळीस दिवस
बॉयलरच्या पोटात आडवा पडून पाइप जोडले.
आमच्या सांध्यांचा एक्स-रे काढतात, मॅडम.
माझा एकही फेल नाही.
तो रिपोर्ट चालेल का?

नाही चालणार म्हणाल्या. पण हसल्या.

मग कोर्टाजवळचा नोटरी.
त्यानं टाइप केलं:
वरील सर्व इसम एकच असून तो मीच आहे.
सही करताना पेन जरा अडलं.
पारादीपचा तो,
ज्याला बाप गेल्याचं तिसऱ्या दिवशी कळलं,
तोही मीच.
दिलं लिहून.

इकडं राजमतीनं दीड गुंठ्यावर
चुन्यानं हॉल आखला, स्वयंपाकघर आखलं.
पुराचं पाणी कुठवर आलतं
ते शेजारच्या म्हातारीला विचारून घेतलं.
चुन्याच्या रेघेवरनं कुणी पाय टाकून आलं
की म्हणायची, अहो, भिंत आहे ती.

बँकेचा माणूस तपासणीला आला, तेव्हा मी
विशाखापट्टणमला, साठ मीटरवर,
फोन गेटवरच्या लॉकरमध्ये.
त्यानं भाड्याची खोली बघितली, चहा घेतला,
कागदावर शेरा मारला:
अर्जदार घरी आढळले नाहीत.

रात्री तिनं तो फोनवर वाचून दाखवला.
मी म्हटलं, बरोबरच लिहिलंय की.
थोडा वेळ तिचा नुसता श्वास.
मग म्हणाली, पुन्हा अर्ज घालू.
ते राहू दे, दार कुठल्या अंगाला करायचं सांगा आधी,
पूर्वेला का उत्तरेला?

मी विचारलं,
मिरज स्टेशन कुठल्या अंगाला येतं?

ती हसली का काय, कळलं नाही.
पलीकडं रात्रपाळीचा ग्राइंडर सुरू झालता.