परतीचा आकडा

गँडरवर धुकं उतरलं की गावातले लोक विचारतात,
तुम्हाला दिसतं तरी कसं?
आमच्या खोलीला खिडकीच नाही,
हे मी सांगत बसत नाही.

सप्टेंबरात अकरा जण आले. आता चार उरलेत.
वरून पत्र आलं : माणसं कमी आहेत, लवकर तयार करा.
मी स्वतः सलग नववा दिवस खुर्चीत,
तरी त्या पत्राची घडी घातली
आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली.
टेबल आता हलत नाही.

शॉना पेली. ट्विलिंगेटच्या खेकडे धरणाऱ्याची मुलगी.
पहिल्याच महिन्यात सिम्युलेटरवर
तिने दोन ठिपके एकमेकांत जाऊ दिले.
पडद्यावर अशा वेळी काहीच होत नाही.
धूर नाही, आवाज नाही,
दोनाचा एक होतो, आणि पुढे जाऊन पुन्हा दोन.
ती हसली, घाबरून.
मी तिला पार्किंगमध्ये नेलं. म्हटलं, गाड्या मोज.
त्रेसष्ट भरल्या.
आता प्रत्येकीत पाच माणसं बसव,
आणि त्यांच्या घरी कोण कळवणार ते ठरव.
आत आल्यावर, कान लाल, नाक लाल,
तिने तोच सराव न सांगता पुन्हा लावला.

मी फारसं शिकवत नाही.
डोळ्यांत तेल घालून बस, एवढं म्हणतो.
कानांत मात्र घालू नकोस.
बोलणं सोपं असतं.
समोरचा आपलाच आकडा परत वाचून दाखवतो
तेव्हा कानांना हवं तेच ऐकू येतं.
एकोणीस वर्षांपूर्वी माझ्या कानांना आलं होतं.
दोघांत चर्चच्या मनोऱ्याएवढी हवा उरली.
कुणाच्या कपातला चहासुद्धा हिंदकळला नाही.
मी अजून कधी कधी तो आकडा तोंडात घेऊन जागा होतो.

काल रात्री एकाच टेबलाला दोन हेडसेट, तिचा नि माझा.
माझ्या अंगठ्याखाली ते बटण,
जे दाबलं की तिचा आवाज बंद, माझा सुरू.
तीन चार शून्य, ती म्हणाली.
तीन पाच शून्य, तो म्हणाला,
दमलेल्या, गोड, कुठल्याशा दक्षिणी हेलात.
पस्तीस हजारांवर समोरून दुसरं येत होतं.
अंगठा निघाला.
अर्ध्यावर थांबला.
"निगेटिव्ह. तीन चार शून्य."
घरात कुणी झोपलेलं असताना दार ओढून घ्यावं
तशी म्हणाली ती.
"तीन चार शून्य. सॉरी."

मी वहीत वेळ लिहिली, बाकी काही नाही.
शाबासकी दिली असती
तर पुढच्या वेळी तिने आधी माझ्याकडे पाहिलं असतं.
वर कुणीतरी उशी उलटी केली असेल.
न झालेल्या गोष्टींना अहवालात रकाना नसतो.

पहाटे तिच्या काचेवरचा बर्फ खरवडू लागलो
तेव्हा ती म्हणाली,
तुमचा अंगठा हलला होता.
दिसला तुला?
नाही, म्हणाली.
ऐकला.