पेडलचं रबर

टोलीडोच्या पूर्वेला, रस्ता रेल्वेच्या पुलाखाली वाकतो
तिथलं बंद पडलेलं आइस्क्रीमचं दुकान मी भाड्यानं घेतलं.
भिंतीवर अजून एक कोन आहे, रंग उडालेला,
वितळता वितळता थांबलेला.

नियम सांगतो: ऑफिस हवं, टेबल हवं,
कुलूप लागणारं कपाट हवं,
आणि रस्त्यावरून वाचता येईल अशी पाटी.
पाटी मीच रंगवली. गिडेन्स मोटर्स.
शेवटचं अक्षर मावेना. ते अंग चोरून बसलंय
बसमध्ये उशिरा चढलेल्या माणसासारखं.

मग बोटांचे ठसे.
बावीस वर्षं दुसऱ्यांच्या गॅरेजात फिल्टर काढून
माझ्या रेषाच झिजल्यात; मशीन तीनदा नाही म्हणालं.
मी म्हटलं, माझ्या बापाचे असतील बघा तुमच्याकडे,
ते एका दमात उमटले होते.
काउंटरवरचा पोरगा हसला नाही.

बाप म्हणजे अमोस गिडेन्स.
रात्री शटर ओढून, ड्रिल लावून मीटर मागे फिरवायचा.
मी नऊ वर्षांची, टॉर्च धरायचे.
एक्याण्णव हजार, सत्तर, अठ्ठेचाळीस,
आकडे उलटे पळायचे, आणि मला वाटायचं
गाडी जिथे जिथे जाऊन आली
तिथून पाठीमागे येतेय,
आईला सोडलं त्या बसस्टॉपवरूनसुद्धा.
मी टॉर्च अजिबात हलू द्यायचे नाही.

अर्जात विचारलंय: तुम्हाला कधी शिक्षा झाली आहे का?
मला?
पेन बराच वेळ त्या चौकोनावर टेकून राहिलं,
शाईचा ठिपका पडला. मग 'नाही'वर खूण केली.
ठिपका तसाच गेला अर्जाबरोबर.

जामीनपत्र देणाऱ्या बाईनं
माझ्या सचोटीचा हप्ता काढला:
महिन्याला एकोणपन्नास डॉलर.
आमच्या घराण्यात इतकी स्वस्त कधीच नव्हती.

तपासणीला शिमान्स्की आला, फेब्रुवारीत,
हातात टेप, नाकाला पाणी.
पाटीवर बर्फ चढलेला, फोटोत नाव येईना.
मी झाडू घेऊन शिडीवर चढले,
तो खालून शिडी धरून उभा.
टेबल मोजलं, कपाटाचं कुलूप दोनदा लावून बघितलं,
कोनाकडे बघून म्हणाला,
लहानपणी इथं यायचो, पिस्त्याचं मिळायचं.

जाताना वळला. भाचीला गाडी हवीय म्हणे, साधीशी.
मागच्या निळ्या गाडीचा आकडा खरा का?
विकायला अजून परवानगी नाही, मी म्हटलं,
पण बघायला हरकत नाही.
दार उघडून त्याला खाली वाकवलं.
आकडा राहू द्या. हे ब्रेकचं रबर बघा, कडेनं कसं गेलंय.
सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा,
पुराची गाडी असेल तर तिथे चिखलाची रेघ सापडते.
चाकाच्या कमानीवर लोहचुंबक फिरवा,
पुट्टीला ते धरत नाही.
हे सगळं बापानंच शिकवलं, उलट्या बाजूनं.
मीटर मागे नेता येतो,
माणसाचा पाय नाही.

एप्रिलमध्ये लायसन आलं, तपकिरी पाकिटात,
कडेला जरा दुमडलेलं.
भिंतीला लावण्याआधी
वृद्धाश्रमात घेऊन गेले.
बापानं चष्मा शोधला, सापडला नाही,
मग सरकारी शिक्क्याचा उठाव अंगठ्यानं चाचपला,
नोट खरी की खोटी बघतात तसा.

पहिली कुठली विकणार?
तुझी पिकअप, मी म्हटलं.
किती लिहिलंस?
दोन लाख अकरा हजार चारशे सहा.

तो गप्प. खिडकीबाहेर पार्किंगमध्ये
कोणाची तरी गाडी सुरूच होत नव्हती,
आम्ही दोघंही ऐकत होतो,
बॅटरी नाही, स्टार्टर, तो म्हणाला.
स्टार्टर, मी म्हटलं.

मग बऱ्याच वेळानं,
तेवढ्यावर कोण घेणार गं?